ऐकल्याशिवाय विकू नका
जुन्या रेकॉर्ड आणि सीडी विकणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जुन्या रेकॉर्ड आणि सीडींच्या घरगुती व्यवसायाबद्दल लिहिलं होतं. दुकान न थाटता, घरातल्या एका खोलीतून, मोबाइल आणि कुरिअरच्या भरवशावर हा व्यवहार कसा चालतो, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही आज घेते. बऱ्याच पत्रांत घरातल्या वाटण्या आणि पैशांचे उल्लेख आहेत, म्हणून नावं छापलेली नाहीत.

ताई, वडिलांच्या दोन ट्रंका भरून रेकॉर्ड आहेत. काही जाड आणि जड, काही पातळ. रद्दीवाला किलोवर मागतोय. धाकटा भाऊ म्हणतो, ऑनलाइन लाखोंनी जातील. खरं काय धरायचं? (सांगली)

रद्दीवाल्याला नाही म्हणा आणि भावालाही जरा दमानं घ्यायला सांगा.

आधी दोन ढीग करा. जाड, जड, वाकवू गेलं तर मोडणाऱ्या त्या बहुतेक ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, लाखेच्या. प्रत्येक बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं. पातळ, किंचित लवणाऱ्या त्या व्हिनाइलच्या: मोठी बारा इंची एलपी, छोटी सात इंची ईपी. एलपी जगात १९४८ मध्ये आली, पण आपल्याकडे ७८च्या रेकॉर्ड साठच्या दशकातही निघत होत्या. तेव्हा जाड रेकॉर्ड दिसली की ती शंभर वर्षांची असेल असं धरू नका. दोन्ही ढीग पुस्तकांसारखे उभे ठेवा, आडवे रचू नका. आणि ट्रंक उन्हात किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असेल तर आजच खाली आणा. मे महिन्याच्या उन्हात एलपी अशी वाकडी होते की मग काही करता येत नाही.

मग एक वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डच्या लेबलवरची कंपनी, क्रमांक आणि कलाकार लिहा. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी, ईएएसडी, ईसीएसडी अशी अक्षरं आणि पुढे आकडे असतात. हा क्रमांक म्हणजे रेकॉर्डची ओळख. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेला आणखी एक क्रमांक दिसेल. तोही उतरवून घ्या, कारण एकाच एलपीच्या वेगवेगळ्या काळातल्या आवृत्त्या त्यावरून ओळखता येतात आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं.

भाव काढताना डिस्कॉग्स या संकेतस्थळाचा उपयोग होतो. २००० साली सुरू झालेली ही रेकॉर्डची सूची वापरणाऱ्यांनीच भरत नेली आहे. तिथे तुमची रेकॉर्ड क्रमांकावरून शोधा, आणि लोक किती मागतायत हे बघू नका, पूर्वी ती प्रत्यक्ष किती रुपयांना गेली ते बघा. मागणारा काहीही मागतो. पाच हजारांचा फलक लावलेली एलपी वर्षानुवर्षं तशीच पडून असते आणि तिच्याकडे बघून आपल्याकडचे लोक भाव ठरवतात, हे मी रोज बघते. आपल्या मराठी रेकॉर्ड त्या सूचीत अजून विरळ आहेत. न सापडल्यास स्वतः नोंद करा, फुकट आहे.

तुमच्या यादीत मला काय बघायला आवडेल सांगू? राहुलदेव बर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या चित्रपटांच्या एलपी, कव्हर फाटलेलं नसलं तर. त्यांना परदेशातूनही मागणी असते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या ७८. मास्टर दीनानाथ. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ कंपनीचं लेबल असलेली कुठलीही रेकॉर्ड, मग कलाकार अनोळखी असला तरी. बालगंधर्वांच्या रेकॉर्ड घरोघरी होत्या, त्यामुळे मिळतात बऱ्याच. पण लोकांनी त्या इतक्या वाजवल्या आहेत की खाचा करड्या पडलेल्या असतात. स्वच्छ वाजणारी प्रत हाती आली तर ती वेगळी काढून ठेवा.

लाखोंची गोष्ट मात्र सोडा. घरगुती संग्रहात बहुसंख्य एलपी काही शेकड्यांत जातात, थोड्या हजाराच्या वर. सावकाश, एकेक करून विकल्यात तर रद्दीवाल्याच्या किलोच्या भावाशी त्याची तुलनाच होणार नाही.

मी ‘उत्तम स्थिती’ असं लिहून एलपी विकली. गिऱ्हाइकाने खरखर आहे म्हणून परत पाठवली. माझ्या डोळ्यांना तर ती चकचकीत दिसत होती. स्थिती लिहायची कशी? (पुणे)

या धंद्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. दुकानात गिऱ्हाईक रेकॉर्ड हातात घेऊन बघतं, वाजवून बघतं. ऑनलाइन त्याच्या हातात फक्त तुमचा शब्द असतो. म्हणून माझा एकच आग्रह: वाजवून, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय रेकॉर्ड विकू नका.

बघण्याची रीत अशी. ट्यूबलाइटखाली बघू नका, तिच्या पसरट उजेडात सगळंच चकचकीत दिसतं. एकच दिवा घ्या, रेकॉर्ड कडेने आणि मधल्या भोकाशी धरा आणि दिव्याखाली हळूहळू तिरकी करत फिरवा. कव्हरमधून आत-बाहेर काढताना पडलेल्या केसासारख्या रेषा तेव्हा उमटतात. त्या बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र ऐकू येतोच, आणि तो खाचांना आडवा गेला असेल तर दर फेरीला एक ‘टक्’. ३३ आरपीएमच्या एलपीवर म्हणजे दोन सेकंदांना एकापेक्षा किंचित जास्त. डोळ्यांना न दिसणारा दोष वेगळाच असतो. पूर्वीच्या जड हाताच्या प्लेअरवर, झिजलेल्या सुईने शेकडो वेळा वाजलेली एलपी वरून तुकतुकीत असते, पण लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यात गायकाचा वरचा स्वर फाटतो. तुमच्या गिऱ्हाइकाने बहुतेक हेच ऐकलं असणार. ऐकणाराच ते सांगू शकतो.

जगभर चालणारी श्रेणी ‘गोल्डमाइन’ या अमेरिकी मासिकाच्या नावाने ओळखली जाते: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, आणि खाली. मिंट म्हणजे न वाजवलेली. ती मी कधीच लिहीत नाही. व्हेरी गुड प्लसमध्ये हलक्या खुणा चालतात, ऐकण्यात अडथळा नको. व्हेरी गुडमध्ये तंबोऱ्याच्या आणि आलापाच्या शांत जागी खरखर ऐकू येते, हे विकणाऱ्याने आधीच सांगायला हवं. ढोबळ हिशेब असा की निअर मिंटच्या निम्म्याने व्हेरी गुड प्लस आणि पाव भावात व्हेरी गुड. दोन श्रेणींच्या मध्ये अडलात तर खालची लिहा. श्रेणी कव्हरची वेगळी आणि रेकॉर्डची वेगळी द्यायची.

तरी नुसती श्रेणी मला पुरत नाही. नाट्यगीतांच्या एका एलपीचं वर्णन मी कसं लिहिलं ते देते:

‘रेकॉर्ड: व्हेरी गुड. बाजू पहिली: सुरुवातीच्या पेटीवर बारीक खरखर, पद सुरू झाल्यावर जाणवत नाही. तिसऱ्या पदात सहा-सात फेऱ्या टक् टक् आवाज, सुई अडकत नाही. बाजू दुसरी: स्वच्छ. शेवटच्या पदात तारसप्तकात किंचित फाट. कव्हर: व्हेरी गुड प्लस, मागे वरच्या उजव्या कोपऱ्यात शाईने मूळ मालकाचं नाव आणि १९७४ साल. आतली पिशवी नवीन घातली आहे.’

हे लिहायला एलपी पूर्ण वाजू द्यावी लागते, म्हणजे चाळीसेक मिनिटं. तेवढा वेळ काढता येणार नसेल तर ‘वाजवून पाहिलेली नाही’ असं स्पष्ट लिहा आणि भाव त्याप्रमाणे उतरवा. त्यातही प्रामाणिकपणा आहे. न ऐकता ‘उत्तम’ लिहिण्यात नाही. आणि ज्या गिऱ्हाइकाला दोषांसकट वर्णन मिळतं, ते पुन्हा येतं. माझी बरीच विक्री अशा परतून येणाऱ्या लोकांवरच चालते.

एक महत्त्वाचं: चावीच्या ग्रामोफोनवर एलपी वाजवून बघू नका. त्याची पोलादी सुई आणि ती धरणारा वजनदार साउंडबॉक्स व्हिनाइलच्या खाचा एका फेरीत खरवडून काढतात. उलट ७८ ऐकायची तर आधुनिक प्लेअरवर जाड टोकाची वेगळी सुई लावा. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी घसटते आणि नुसती खरखर ऐकू येते. मग चांगली रेकॉर्ड खराब समजून स्वस्तात जाते.

लातूरला पाठवलेली ७८ची रेकॉर्ड फुटून पोहोचली. खोक्यावर ‘नाजूक’ लिहिलं होतं. (छत्रपती संभाजीनगर)

खोक्यावर काय लिहिलंय ते बघायला वाटेत कुणाला वेळ नसतो. पार्सल कमरेच्या उंचीवरून पडणार, असं धरूनच बांधायचं.

७८ची रेकॉर्ड आधी कागदी पिशवीत, मग पातळ फोमच्या शीटमध्ये. तिच्यापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठे असे कोरुगेटेड पुठ्ठ्याचे चार चौकोन कापा. दोन खाली, दोन वर. प्रत्येक जोडीतल्या एका पुठ्ठ्याच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा, म्हणजे कुठल्याही दिशेने वाकत नाही. कडा चिकटपट्टीने बंद करा. आत रेकॉर्ड हलली नाही पाहिजे आणि दाबलीही गेली नाही पाहिजे. हा चपटा गठ्ठा मग मोठ्या खोक्यात, सगळीकडून किमान तीन बोटं बबल रॅप किंवा चुरगळलेलं वर्तमानपत्र ठासून. खोकं हलवून बघा. आतून हालचाल जाणवली तर उघडून पुन्हा भरा. कितीही आग्रह झाला तरी एका गठ्ठ्यात चार-पाचपेक्षा जास्त ७८ मी घालत नाही, आणि प्रत्येक दोघींमध्ये पुठ्ठा असतोच.

एलपीला एवढं लागत नाही, पण एक पथ्य आहे. रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवून पाठवायची नाही. पार्सल कडेवर आपटलं की रेकॉर्ड आतून धडक देते आणि कव्हरची शिवण उसवते. रेकॉर्ड आतल्या पिशवीसकट बाहेर काढा, कव्हरच्या मागे ठेवा, दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग पुठ्ठे. पावसाळ्यात वरून आणखी एक प्लास्टिकचं वेष्टन. हे सगळं सामान आणि मजुरी धरून पॅकिंगचा खर्च वेगळा लावा आणि आधीच सांगा. चांगलं गिऱ्हाईक त्याला कधी नाही म्हणत नाही.

आमच्या कोकणातल्या घरी एलपींवर पांढरे ठिपके आलेत. स्पिरिटने पुसू का? (रत्नागिरी)

ती बुरशी आहे. एलपी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि खाचांच्या दिशेने गोल पुसणं. त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे आतून बाहेर, कधीही नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्यांदा. लेबलला पाणी लागू देऊ नका. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात. व्हिनाइलवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून लोक वापरतात, ते चालतं.

७८वर मात्र स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर यांतलं काहीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर लाख स्पिरिटमध्येच कालवतात ना, तेच तुमच्या रेकॉर्डचं होईल. साधं साबणाचं सौम्य पाणी, पटकन पुसणं आणि लगेच कोरडं करणं.

बुरशी झटकताना तोंडाला मास्क लावा. कव्हरवरची बुरशी कोरड्या मऊ ब्रशने, सावलीत. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

बंद पडलेल्या सीडी लायब्ररीचा अख्खा साठा स्वस्तात मिळतोय. सीडी घेतं का कुणी आता? (नाशिक)

घेतात, पण निवडून. चित्रपटगीतांच्या संकलनाच्या आणि एका सीडीत शंभर गाणी भरलेल्या एमपीथ्रीच्या सीडी जवळजवळ कुणालाच नको असतात. शास्त्रीय मैफली, नाट्यसंगीत, कथाकथन, छोट्या मराठी कंपन्यांनी काढलेल्या सीडी, यांना गिऱ्हाईक आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या सीडी विचारत माझ्याकडे अजून लोक येतात. पाश्चात्त्य जॅझ आणि रॉकच्या मूळ सीडीही जातात.

लायब्ररीच्या सीडींना दोन दोष असतात. एक, लेबलच्या बाजूवर डकवलेला स्टिकर. तो ओढून काढू नका! सीडीची माहिती धरणारा चकचकीत थर लेबलच्या लगेच खाली असतो, स्टिकरबरोबर तोच सोलून येतो. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिश करता येतो, वरचा नाही. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर गेलेला आहे. दुसरा दोष म्हणजे आतली पुस्तिका हरवलेली असते, आणि पुस्तिकेशिवाय भाव निम्म्याहून खाली येतो. खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसली तर ती घरी कॉपी केलेली असू शकते, ती विकायची नाही.

टपालाच्या दृष्टीने सीडी सोयीची. डबीसकट शंभर ग्रॅमच्या आसपास वजन, फुटायची भीती कमी. डबी फुटली तर नवीन मिळते. साठा घ्या, पण आधी एक खोकं स्वतः उघडून तपासून.

रेकॉर्ड विकण्यापेक्षा त्यातली गाणी पेनड्राइव्हवर भरून विकली तर? रेकॉर्डही आपल्याकडेच राहील. (अकोला)

नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं कंपनीकडे असतो, आणि कवी-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पेनड्राइव्ह विकणं म्हणजे दुसऱ्याचं विकणं. स्वतः विकत घेतलेली जुनी मूळ रेकॉर्ड पुढे विकणं ही वेगळी गोष्ट आहे. विक्रीसाठी नमुना म्हणून मी गिऱ्हाइकाला फोनवरून वाजवून ऐकवते, तेवढं पुरतं.

जीएसटी लागतो का? आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींना पाठवता येईल का? (ठाणे)

वडिलांचा संग्रह एकदा विकणं आणि विकण्यासाठी माल घेणं यात फरक आहे. दुसरं सुरू झालं की तो धंदा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल गेला की मात्र उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. बेळगाव किंवा इंदूरचं गिऱ्हाईकही त्यात आलं. ऑनलाइन बाजारपेठेच्या मार्फत फक्त राज्यात विकणाऱ्या छोट्यांना ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी नुसत्या नावनोंदणी (एनरोलमेंट) क्रमांकावर विकता येतं. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्री यांच्या फरकावर कर भरायची सोय आहे, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नाही तर. म्हणून खरेदीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: कुणाकडून, कधी, कितीला. बाकी तुमच्या सीएला विचारा, त्याची फी यात वसूल होते.

परदेशी व्यापारी विक्रीसाठी आयात-निर्यात संकेतांक काढावा लागतो. निवडक टपाल कार्यालयांत ‘डाकघर निर्यात केंद्र’ आहे, तिथे कागदपत्रांना मदत मिळते. पैसे पेपालने येतात. ती सेवा आता भारतातल्या भारतात चालत नाही, परदेशातून पैसे घ्यायला चालते. शंभर वर्षांहून जुनी रेकॉर्ड मात्र मी देशाबाहेर पाठवत नाही. १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांच्या वस्तूंबाबत कडक आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझं मन त्याला तयार होत नाही.

गिऱ्हाइकाने पूर्ण रक्कम कबूल केली, घासाघीस नाही. क्यूआर कोड पाठवून म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. टाकू? (सोलापूर)

अजिबात नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. नंबर ब्लॉक करा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तरी आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम बघितल्याशिवाय पार्सल बांधायला घेऊ नका.

एका कॅफेवाल्याला भिंतीवर लावायला शंभर रेकॉर्ड हव्या आहेत. भाव बरा देतोय. काहींना गरम करून वाट्यांसारखा आकार देणार म्हणे. (कोल्हापूर)

तुमची गरज मी समजू शकते, एकगठ्ठा पैसे कुणाला नको असतात. पण या रेकॉर्ड काय आहेत ते आधी बघा. भारतात पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं १९०२ साली कलकत्त्यात झाली, गायिका गौहर जान त्यात होत्या. तेव्हापासून पुढे निघालेल्या कितीतरी ७८ची मूळ मुद्रणं आज कुठेच नाहीत. कुणाच्या तरी घरातली ही तबकडी, एवढाच त्या आवाजाचा पुरावा. एखाद्या कीर्तनकाराचं, एखाद्या तमाशा मंडळाचं, नाव पुसलं गेलेल्या गायिकेचं एकच गाणं त्यावर असतं. ते भिंतीला खिळ्याने ठोकायला माझा जीव धजत नाही.

कॅफेवाल्याला नाही म्हणायची गरज नाही. त्याला तडा गेलेल्या, टवका उडालेल्या ७८ आणि खूप वाकलेल्या किंवा पार घासलेल्या एलपी द्या. प्रत्येक जुन्या साठ्यात त्या निघतातच, आणि भिंतीवरून त्या तेवढ्याच शोभतात. देण्याआधी तडा गेलेल्या ७८चेही लेबल आणि क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. अनोळखी लेबल दिसलं तर ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेतल्या जाणकारांना दाखवा. केसाएवढा तडा असलेली ७८ही बऱ्याचदा टक् टक् करत का होईना, पूर्ण वाजते आणि ध्वनिमुद्रित करून जपता येते. वाट्या करायच्याच असतील तर त्याला एलपीच द्या.

कॅसेटबद्दल आलेली पत्रं पुढच्या अंकात घेईन.